आजोबांचा ग्रिड डिप मीटर: कॉइल गायब, व्हॉल्व गायब, आता काय?

खरखर
नमस्कार मंडळी. पुण्याच्या पेठेतलं जुनं घर रिकामं करतोय, माळ्यावरून तीन पोती रद्दी आणि एक पत्र्याची पेटी निघाली. पेटीत आजोबांचा ग्रिड डिप मीटर (एखादं सर्किट कुठल्या फ्रीक्वेन्सीचं आहे ते वायर न लावता सांगणारं यंत्र) आहे, म्हणजे तसा तो असावा असं मला वाटतंय. आजोबा खडकीच्या फॅक्टरीत होते आणि घरी आल्यावर रेडिओ, हे मला आईकडून माहिती, मी पाचवीत असताना ते गेले. माझं स्वतःचं हॅम रेडिओचं लायसन्स आत्ता दोन वर्षांपूर्वीचं, त्यामुळे व्हॉल्वच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या) बाबतीत मी पूर्ण ढ आहे हे आधीच सांगतो.

तर अवस्था अशी. अॅल्युमिनियमचा घरी वाकवलेला डबा, वर एक मिलिअँपिअरचा मीटर, बाजूला गँगचा, म्हणजे फिरवायच्या कंडेन्सरचा, मोठा डायल. डायलवर कागद चिकटवलाय आणि त्यावर काळ्या शाईने चार अर्धगोल, अ ब क ड अशी नावं, आकडे आजोबांच्या अक्षरात. अ वर ३ ते ७ (मेगाहर्ट्झ असणार), ब वर ६.५ ते १५, क वर १४ ते ३२, ड वर ३० पासून पुढे, पण ड चा शेवट पाण्याने पुसट झालाय. वरच्या सॉकेटमध्ये लावायच्या कॉइल्स चारही गायब. व्हॉल्व गायब, सात पिनांचं छोटं सॉकेट रिकामं. आत एका ठिकाणी दोन पाय कापलेले दिसतात, तिथलं काहीतरी कुणीतरी काढून नेलंय. फोटो टाकले असते पण साईट घेत नाहीये.

प्रश्न एकच, हे चालू होईल का? का शोकेसमध्ये ठेवू?

चाळीस_मीटर
शोकेस. स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. काही हजारात नॅनोव्हीएनए नावाचा खिशात मावणारा मीटर येतो, त्यात अँटेना, कॉइल, फिल्टर सगळं मोजता येतं, ग्राफसकट. डिप मीटर म्हणजे कंदील. कंदील सुंदर असतो पण आपण लाईट गेल्यावर मोबाईलचा टॉर्च लावतो ना.

सिरीज_बल्ब
@चाळीस_मीटर तुझा टॉर्च तुझ्याकडे ठेव. 😄
@खरखर आधी एक काम, आत्ताच्या आत्ता. त्याला मेन्सची वायर असेल, ती प्लगला लावू नकोस. लावून बघितली नाहीयेस ना? जुन्या मालाचं निम्मं नुकसान त्या पहिल्या "बघू तरी चालू होतो का" मध्ये होतं.
आता व्हॉल्व. सॉकेट उलटं करून प्रत्येक पिनला काय जोडलंय ते लिही. खालून बघताना मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने एक, दोन, तीन.

खरखर
लावला नाही काका, शपथ. (लावणार होतो.)
पिना: १ आणि ५ एकमेकांना जोडलेल्या. २ मोकळी. ३ आणि ४ ट्रान्सफॉर्मरकडे पिळलेल्या वायरने. ६ ला एक मायका कंडेन्सर आणि एक रेझिस्टर. ७ थेट बॉडीला.

सिरीज_बल्ब
६सी४. डोळे झाकून. ३-४ हीटर, १-५ प्लेट, ६ ग्रिड, ७ कॅथोड. एकटा ट्रायोड (प्लेट, ग्रिड, कॅथोड अशा तीन भागांचा व्हॉल्व), हीटरला ६.३ व्होल्ट, दीडशे मिलिअँपिअर. युरोपियन नाव ईसी९०. बघ, व्हॉल्व गेला तरी त्याची सही सॉकेटवर राहते.

गंजका_स्क्रू
६सी४ अजून मिळतो. तपकीर गल्लीत विचारलंस तर लोक तुझ्याकडे बघतील आणि एलईडी पट्टी दाखवतील, तिथे जाऊ नकोस. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी जा, जमिनीवर पसरलेल्या ढिगात व्हॉल्व असतात पण छाप पुसलेले, आणि भाव तुझे बूट बघून सांगतात. मी चपला घालून जातो.

मीनलताई_रेडिओ
एक विचारू का, मी अजून हॅमच्या परीक्षेची तयारी करतेय. डिप मीटर नक्की करतो काय? पुस्तकात एक परिच्छेद आहे आणि तो वाचून काही डोक्यात शिरलं नाही.

डिस्पोजल_काका
ताई, सोपं आहे. हा एक छोटा ऑसिलेटर, म्हणजे ठराविक फ्रीक्वेन्सीची लहर तयार करणारं सर्किट, त्याची कॉइल डब्याच्या बाहेर डोकं काढून बसलेली. ऑसिलेटर चालू असला की ग्रिडमधून थोडा करंट वाहतो, तो मीटरवर दिसतो. आता ही कॉइल दुसऱ्या कुठल्या तरी ट्यून्ड सर्किटजवळ (कॉइल आणि कंडेन्सरची जोडी) न्यायची आणि डायल फिरवायचा. दोघांची फ्रीक्वेन्सी एक झाली की समोरचं सर्किट याची थोडी शक्ती ओढून घेतं, ग्रिड करंट पडतो, सुई खाली गोता मारते. तो गोता म्हणजे डिप. समोरच्या सर्किटला वायर लावायची नाही, सप्लाय द्यायचा नाही. नुसतं जवळ धरायचं. शेजारच्या घरात कुणी उपाशी आहे हे आपल्या ताटातली भाकरी कमी झाल्यावर कळावं तसं.

आणि @चाळीस_मीटर, खांबावर चढून अँटेनाच्या तारेतला ट्रॅप (तो पण कॉइल-कंडेन्सरच) तपासायचा असेल तेव्हा तुझा तो चिमुकला स्क्रीन उन्हात वाचून दाखव मला.

चाळीस_मीटर
काका डिप मीटरला मेन्सची वायर लागते, खांबावर बोर्ड कुठाय 🙏

डिस्पोजल_काका
एक्स्टेन्शन. आमच्या वेळी सगळं एक्स्टेन्शनवर चालायचं.

बरं, विषयावर येतो. हरवलेल्या भागांमध्ये दोन जाती असतात. एक, जो बाजारात मिळतो किंवा त्याच्यासारखा मिळतो: व्हॉल्व, कंडेन्सर, नॉब. दुसरा, जो फक्त त्या एकाच यंत्राचा असतो. माझं उदाहरण सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचा अमेरिकन बीसी-२२१ फ्रीक्वेन्सी मीटर, लढाईनंतर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराने विकलेल्या मालात, असे खूप आले. १२५ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ. डायलवर फ्रीक्वेन्सी लिहिलेलीच नसते, नुसते आकडे, आणि सोबत एक कॅलिब्रेशनचं पुस्तक. ते पुस्तक त्याच सीरियल नंबरच्या मीटरचं, दुसऱ्याचं चालत नाही, कारण प्रत्येक मीटर वेगळा मोजून त्याचं पुस्तक केलेलं. मी तरुणपणी जुन्या बाजारातून आणला तो बिनपुस्तकाचा. विकणाऱ्याला वाटलं पुस्तक म्हणजे रद्दी, दिलं असेल किलोवर. आत १००० किलोहर्ट्झचा क्रिस्टल होता म्हणून वाचलो, त्याच्याशी फ्रीक्वेन्सी जुळताना ऐकू येणारे ठोके पकडत पकडत मी दोन महिने वहीत माझं पुस्तक लिहिलं.

तुझं उलट आहे. तुझं पुस्तक शाबूत आहे, डायलवर चिकटवलेलं. यंत्र हरवलंय. तो कागद ओला करू नकोस, पुसू नकोस, त्यावर सेलोटेप तर अजिबात नको. आधी सरळ वरून फोटो काढून ठेव.

खरखर
काढला. पण काका कॉइलला किती वेढे, किती जाड तार, हे कुठेच नाही. वह्या बघितल्या, एकात दुधाचा हिशोब आणि दुसऱ्यात कुणाकुणाशी बोलले त्याची नोंद.

सिरीज_बल्ब
वेढे डायलमध्ये लिहिलेत, फक्त वाचता आले पाहिजेत. एलसी मीटर (कॉइल आणि कंडेन्सर मोजणारा) आहे का कुणाकडे? गँगच्या दोन पायांमध्ये, म्हणजे कॉइलच्या सॉकेटच्या दोन भोकांमध्ये, कपॅसिटन्स मोज. एकदा पाती पूर्ण आत, एकदा पूर्ण बाहेर. मोजण्याआधी व्हॉल्वकडे जाणारे दोन मायका कंडेन्सर एका बाजूने सोडव, नाहीतर ते पण त्यात मोजले जातील आणि मीटर भलतंच काहीतरी दाखवेल.

खरखर
ऑफिसातल्या मित्राचा आणला. पाती आत ७२ पीएफ (पिकोफॅरड), बाहेर १० पीएफ. तीनदा मोजलं. पण गणित जुळत नाही हो. फ्रीक्वेन्सी दुप्पट व्हायला सी, म्हणजे कपॅसिटन्स, एक चतुर्थांश व्हावा लागतो ना. ७२ भागिले १० म्हणजे ७.२, त्याचं वर्गमूळ २.६८. म्हणजे ३ पासून सुरू केलं तर ८ पर्यंत जायला पाहिजे, आजोबांनी लिहिलंय ७. आजोबा चुकले का गँग बदललाय कुणी?

सिरीज_बल्ब
कुणी चुकलेलं नाही. तू मोजलास तो नुसता गँग. आजोबांनी डायल लिहिला तेव्हा व्हॉल्व लावलेला होता, वायर होत्या, कॉइलची स्वतःची थोडी कपॅसिटन्स होती. ते सगळं मिळून समज क्ष पीएफ. ७ भागिले ३, त्याचा वर्ग ५.४४. म्हणजे ७२ अधिक क्ष, भागिले १० अधिक क्ष, बरोबर ५.४४. सोडव.

खरखर
क्ष = ३.९६. चार पीएफ!!

सिरीज_बल्ब
एका छोट्या ट्रायोडला आणि बोटभर वायरला शोभेल असाच आकडा आहे. म्हणजे खरे सी ७६ आणि १४. आता कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे एल, काढ. मेगाहर्ट्झ, पीएफ आणि मायक्रोहेन्री धरले तर एल म्हणजे २५३३० भागिले फ्रीक्वेन्सीचा वर्ग, भागिले सी.

खरखर
अ: ३ ला २५३३० ÷ (९ × ७६) = ३७.०. वरच्या टोकाला २५३३० ÷ (४९ × १४) = ३६.९. अंगावर काटा आला खरंच. ब खालून ७.९ आणि वरून ८.०. क खालून १.७० आणि वरून १.७७. ड साठी खालचंच टोक आहे, तिथे ०.३७ येतंय.

ज्या माणसाने हे शाईने लिहिलं त्याने डोळ्यांनी खुणा केल्या असतील आणि तरी दोन्ही टोकं जुळतायत.

मीनलताई_रेडिओ
थांबा थांबा मला पण करून बघू द्या. ... हो आलं! पुस्तकातलं रेझोनन्सचं सूत्र हेच का हे? मग ते पाय (π) आणि वर्गमूळ कुठे गेलं?

सिरीज_बल्ब
हेच ते. पाय आणि शून्यं सगळी त्या २५३३० मध्ये शिजवून टाकलीत. परीक्षेत मात्र मूळ सूत्र लिहा, शिजवलेलं नको.

गंजका_स्क्रू
आता वेढे. हॅरल्ड व्हीलरचं १९२८ चं सूत्र, अजून त्याला तोड नाही. सेंटिमीटरमध्ये: एल = ०.३९४ × त्रिज्येचा वर्ग × वेढ्यांचा वर्ग, भागिले (९ त्रिज्या + १० लांबी). कॉइल फार बुटकी नसेल तर एका टक्क्याच्या आत उत्तर येतं. फॉर्मर (ज्यावर तार गुंडाळायची ती नळी) म्हणून २५ एमएमचा वायरिंगचा पीव्हीसी पाईप घे, बाहेरून २५ असतो. तार २६ गेजची, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे तोळ्या-तोळ्याने मिळते, रीळ घेऊ नकोस. लाखेसकट एक वेढा अर्धा मिलिमीटर जागा खातो. माझं उत्तर ४४ वेढे, २२ मिलिमीटर लांब. आधी ४७ घाल. तीन काढणं सोपं, तीन जोडणं म्हणजे परत पहिल्यापासून.

पाईप पांढरा घे. काही काळ्या पाईपांमध्ये कार्बन असतो आणि तो आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींची शक्ती, खातो. शंका असेल तर कोरडा तुकडा मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट ठेव, सोबत पाण्याचा ग्लास ठेवच. तुकडा गरम झाला तर नको. घरचे ओरडले तर माझं नाव सांगू नकोस.

डिस्पोजल_काका
पीव्हीसी कशाला, आम्ही जळक्या व्हॉल्वचे तळ तोडून त्यावर कॉइल गुंडाळायचो. तुझ्या आजोबांनी पण तेच केलं असणार, सॉकेट आठ पिनांचं आहे का?

खरखर
हो काका, आठ पिनांचंच आहे! फक्त दोन पिना वापरल्यात. म्हणजे चार जळके व्हॉल्व त्यांनी... आता कळलं. पण माझ्याकडे तोडायला जळका व्हॉल्व नाही, जुन्या रिलेचे आठ पिनांचे प्लग मिळाले, त्यावर पाईप बसवतोय.

सिरीज_बल्ब
चालेल. आता पॉवर सप्लाय, आणि इथे घाई नको. आत चौकोनी पाट्यांची चळत असलेला रेक्टिफायर दिसतोय का? तो सेलेनियम. तो काढ. जळला तर सडलेल्या मुळ्यासारखा वास येतो आणि तो धूर विषारी असतो, "बघू किती दिवस चालतो" असं त्याच्या बाबतीत नको. जागी १एन४००७ डायोड लाव, पण सोबत सिरीजमध्ये रेझिस्टर हवा, कारण सेलेनियम स्वतः बरेच व्होल्ट खायचा आणि हा जेमतेम पाऊण खातो, म्हणजे एचटी (प्लेटला लागणारे जास्तीचे व्होल्ट) वाढेल. फिल्टरचा कंडेन्सर नवीन. जुन्याचं नळकांडं पोकळ करून नवीन आत घातलास तर वरून तेच दिसेल, ती हौस तुझी. मेन्सला नवीन तीन पिनांची वायर, अर्थ बॉडीला. आणि पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, म्हणजे मेन्सच्या वाटेत सिरीजमध्ये बल्ब लावून. बल्ब भगभगून पेटला तर लगेच बंद.

चाळीस_मीटर
इतका खर्च आणि वेळ. फक्त नोंद करून ठेवतो.

खरखर
झाली नोंद 😀

(दहा दिवसांनी)

खरखर
अपडेट. बराच मोठा आहे, चहा घ्या.

६सी४ जुन्या बाजारात नाही मिळाला, मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून एकाने आणून दिला. मीटरची सुई मधेच अडकायची, उघडून बघितलं तर चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कीस. टेपचा टोकदार तुकडा घालून काढला, हात थरथरत होते. सिरीज बोर्डवर बल्ब क्षणभर लाल होऊन मंद झाला, हीटर पेटला, एचटी ११८ व्होल्ट. अ ची कॉइल ४७ वेढ्यांची लावली आणि सुई उठली. मी एकटाच ओरडलो, बायकोला वाटलं शॉक बसला.

फ्रीक्वेन्सी बघायला घरातला डिजिटल शॉर्टवेव्ह रेडिओ शेजारी ठेवला. सिग्नलवर आवाज काही नसतो, नुसती खरखर एकदम गप्प होते, त्यावरून पकडायचं. ४७ ला खालचं टोक २.८८. एकेक वेढा काढत गेलो. गणितात ४४ होते, प्रत्यक्षात ४३ ला बसलं: डायलवर ३ आणि रेडिओवर ३.०२. वर ७ ला ७.०१. मधले ४, ५, ६ पण रेषेच्या जाडीत. नवीन डायल करायची गरजच नाही पडली.

ब पण झाली. आता अडचण. क लावली की डायलवर १९ च्या आसपास सुई आपोआप गोता मारते. समोर काहीच नसताना. कॉइल हातात, टेबल मोकळं, तरी डिप. कॉइल पुन्हा गुंडाळली, तेच.

डिस्पोजल_काका
भूत. घरातलंच आहे, बाहेरचं नाही. ते दोन कापलेले पाय होते तिथे तू काय लावलंस?

खरखर
तिथे प्लेटला एचटी देणारा चोक असावा असं सिरीज काकांनी फोनवर सांगितलं होतं, म्हणून मी २.५ मिलिहेन्रीचा लावला. पेटीतच एक सुटा सापडला होता.

डिस्पोजल_काका
मग तोच. चोक म्हणजे शेवटी कॉइलच, त्याची स्वतःची कपॅसिटन्स असते, आणि काही ठराविक फ्रीक्वेन्सींना तो स्वतःच रेझोनंट होतो. तुझा १९ च्या आसपास होतोय आणि ऑसिलेटरची शक्ती आतल्या आत गिळतोय. मीटर बिचारा खरंच सांगतोय, शेजारी उपाशी आहे, फक्त शेजारी त्याच डब्यात राहतो. चोक काढून तिथे दहा-पंधरा किलोओहमचा रेझिस्टर लावून बघ. प्लेटचे व्होल्ट थोडे पडतील, पडू देत.

खरखर
१० के लावला. भूत गेलं. क वर सुई सलग राहते, थोडी खाली असते पण सलग.

आणि आता मला वाटतंय की तो चोक कुणी चोरला नव्हता. आजोबांनीच कापला असणार, याच कारणासाठी, म्हणून तो पेटीत सुटा पडला होता. आणि तिथे दुसरं काहीतरी लावायचं राहून गेलं.

मीनलताई_रेडिओ
🙂 माझ्या परीक्षेला हा प्रश्न आला पाहिजे.

चाळीस_मीटर
बरं, एक प्रामाणिक पोस्ट. काल खरखर माझ्याकडे ती ४३ वेढ्यांची कॉइल घेऊन आला होता. नॅनोव्हीएनएवर लावली. ३६ मायक्रोहेन्रीच्या आसपास.

सिरीज_बल्ब
म्हणजे तुझा टॉर्च कंदिलाचं काम तपासायला उपयोगी आहे तर. छान.

चाळीस_मीटर
काका 🙏 मी पुढचं लिहिणार होतो. माझ्या चाळीस मीटरच्या डायपोलमधला एक ट्रॅप बिघडलाय असं वाटतंय, पावसाळ्यापासून एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळलाय त्याचा आकडा) वेडावाकडा येतोय. व्हीएनएवर दोन्ही ट्रॅप मिळून काहीतरी अगम्य दिसतं, कुठला खराब ते कळत नाही. एकेकाजवळ नुसतं धरून बघायचं तर... म्हणजे... रविवारी गच्चीवर आणशील का रे?

खरखर
आणतो. गच्चीवर बोर्ड आहे का?

चाळीस_मीटर
नाही. एक्स्टेन्शन आहे.

डिस्पोजल_काका
😂

खरखर
ड ची कॉइल अजून राहिलीय. ०.३७ म्हणजे जाड तारेचे चार-पाच वेढे, पण तिथे प्लगच्या पिनांची लांबी पण मोजावी लागते असं दिसतंय, ३० ला सेट केलं तरी ४० ची खूण चुकते. आणि पुसट झालेलं शेवटचं टोक ६८ आहे का ६३ ते भिंगातून पण कळत नाहीये. कुणी व्हॉल्वचा आठ पिनांचा जळका तळ देऊ शकेल का? ती एक तरी आजोबांच्या पद्धतीने करतो.

गंजका_स्क्रू
माझ्याकडे गेलेला ६व्ही६ आहे. काच मी फोडून देणार नाही, तू ये आणि तूच फोड, फडक्यात गुंडाळून. शनिवारी संध्याकाळी.